स्कॉटलंडमध्ये संकष्टीचा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो, तर उपवास कोणत्या दिवशी धरायचा?

रेवती, एडिंबरा

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना सोपं जाईल.

सासूबाई सांगलीला असतात. त्यांची संकष्टी फार जुनी. लग्नानंतर मीही धरायला लागले. कुणी सांगितलं म्हणून नाही, मला तो दिवस मनापासून आवडतो. सांगलीत असेपर्यंत काही प्रश्नच नव्हता. दिनदर्शिकेत संकष्टी लिहिलेली असायची, तिथेच चंद्रोदयाची वेळ. गच्चीवर जाऊन चंद्राला अर्घ्य द्यायचं, खाली येऊन आरती, मग पान वाढायचं.

इथे आल्यावर सगळं उलटसुलट झालंय. संकष्टीला सासूबाईंचा फोन येतो, "पावणेदहाला चंद्रोदय आहे, मोदक झाले का तुझे?" तेव्हा इथे संध्याकाळचे पाचही वाजलेले नसतात आणि लख्ख ऊन असतं. आश्विन-कार्तिकात चंद्र इथे सात-आठलाच दिसतो, ते बरं पडतं. पण एप्रिल-मेमध्ये रात्रीचे बारा वाजून जातात तरी पत्ता नसतो. मोबाईलवरच्या पंचांगात तर त्या तारखेला चंद्रोदयाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ असते, आणि दुसऱ्या तारखेपुढे रात्री साडेबारा किंवा एकची वेळ.

माझे प्रश्न असे. भारतातली तारीख धरायची की इथली? चंद्र रात्री एकला उगवला तर तो उपवास आदल्या दिवसाचा की दुसऱ्या? आणि इथल्या मंदिराच्या यादीत महिनाच वेगळा छापलेला असतो. आपला वैशाख वद्य असतो तेव्हा त्यांच्याकडे ज्येष्ठ. मग तिथी तरी तीच ना?

मला "देव भावाचा भुकेला" एवढंच उत्तर नको आहे. ते मला माहीत आहे. नियम काय आहे ते समजून घ्यायचंय.

मंगेश, दुबई

आम्ही इतकी वर्षं भारतातल्या दिनदर्शिकेप्रमाणेच करतो. आई ज्या दिवशी गावाला उपवास धरते त्याच दिवशी आम्ही इथे धरतो. चंद्र मात्र इथला बघतो. घरातली सगळी माणसं एका दिवशी उपाशी असतात, रात्री फोनवर एकत्र आरती होते, याचं मोल मला जास्त वाटतं. गुरुजींना विचारलं होतं, त्यांनी चालेल म्हणून सांगितलं.

शैलाताई, वाई

रेवती, प्रश्न अगदी नेमका विचारलास म्हणून मीही नीट लिहिते. माझे वडील भिक्षुकी करायचे. आमच्या ओट्यावर सकाळपासून माणसं यायची. "गुरुजी, चतुर्थी आज की उद्या?" "दशमी किती वाजेपर्यंत?" कोनाड्यात पंचांग असायचं, त्याला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. हळदीच्या बोटांनी उलटून उलटून पानांचे कोपरे पिवळे झालेले. घटी-पळांचं तासा-मिनिटांत रूपांतर करून द्यायचं काम माझ्याकडे असायचं. पुढे मी शाळेत गणित शिकवलं, पण पहिलं गणित त्या ओट्यावरचं.

आधी तिथी म्हणजे काय ते बघ. आकाशात सूर्य आणि चंद्र यांच्यात जे अंतर असतं, त्याचे बारा-बारा अंशांचे तीस भाग केले की तीस तिथ्या. अमावास्या संपते तेव्हा अंतर शून्य, पौर्णिमा संपते तेव्हा १८०. पुढे वद्य प्रतिपदा १९२ पर्यंत, द्वितीया २०४ पर्यंत, तृतीया २१६ पर्यंत, आणि २१६ ते २२८ ही संकष्टीची चतुर्थी. चंद्राची गती कमीजास्त होते, म्हणून तिथी कधी वीस तासांत संपते, कधी जवळजवळ सत्तावीस तास चालते.

आता मुख्य गोष्ट. चंद्र २१६ अंशांवर पोचतो तो क्षण सगळ्या पृथ्वीला एकच. सांगलीत तेव्हा पहाटेचे सहा असतील तर तुझ्याकडे उन्हाळ्यात रात्रीचा दीड. तिथी सगळ्यांची एक. पण सूर्योदय आणि चंद्रोदय ज्याच्या-त्याच्या गावचा. व्रताचा दिवस ठरतो तो या दोन्हींचा मेळ बसवून.

प्रत्येक व्रताची दिवसातली एक वेळ ठरलेली असते. तिला कर्मकाळ म्हणतात. त्या वेळी ती तिथी हवी. विनायकी चतुर्थीला मध्यान्ही, रामनवमीला मध्यान्ही, प्रदोषाला सूर्यास्तानंतर, महाशिवरात्रीला मध्यरात्री. संकष्टीला चंद्रोदयाच्या वेळी. दिनदर्शिकेच्या चौकोनात कधी कधी "तृतीया" छापलेलं असतं आणि त्याच चौकोनात "संकष्टी". लोक गोंधळतात, छापायची चूक म्हणतात. चूक नसते. चौकोनातली तिथी सूर्योदयाची असते, आणि तृतीया दुपारी संपून रात्री चंद्र उगवताना चतुर्थी लागलेली असते.

धर्मसिंधु हा आपल्याकडे या बाबतीत प्रमाण मानलेला ग्रंथ. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्याय यांनी तो अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिला. संकष्टीबद्दल त्यातला निर्णय सरळ आहे. चंद्रोदयाला चतुर्थी असेल तो दिवस घ्यावा. लागोपाठ दोन्ही दिवशी चंद्रोदयाला चतुर्थी सापडली तर पहिला, तृतीयेला लागून असलेला. दोन्ही दिवशी सापडली नाही तर दुसरा. बस, एवढंच. यात मुंबई नाही, सांगली नाही. चंद्रोदय म्हटलं की तो अर्घ्य देणाऱ्याच्या डोक्यावरच्या आभाळातला.

म्हणून माझं स्पष्ट मत, चंद्र इथला आणि दिवस तिथला असं करू नये. मंगेशराव, तुमचं दुबईला निभतं कारण भारताशी फरक दीड तासाचा. तिथे दोन्ही तारखा बहुतेक वेळा एकच येतात. पश्चिमेला जितकं जावं तितकी ही सांगड सुटत जाते. अमेरिकेत राहणाऱ्याने भारताची तारीख धरली तर अर्घ्य देताना आकाशात पंचमीचा चंद्र असू शकतो.

रेवती, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. आपला दिवस रात्री बाराला बदलत नाही. तो सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत. मंगळवारी सकाळी उपवास सुरू केलास आणि चंद्र रात्री एकला उगवला, घड्याळाने बुधवार झाला असेल, तरी तो चंद्र मंगळवारचाच. मोबाईलमधली आडवी रेघ एवढंच सांगते की रात्री बारा ते रात्री बारा या तुकड्यात चंद्रोदय बसला नाही. चंद्रोदय रोज सरासरी पन्नास मिनिटं पुढे सरकतो, त्यामुळे महिन्यातून एकदा अशी तारीख कुठेही येतेच. आमच्याकडे ती वद्य सप्तमी-अष्टमीच्या आसपास येते म्हणून संकष्टीला तिचा त्रास होत नाही.

तुझ्याकडे ती चतुर्थीपर्यंत का येते तेही सांगते. एडिंबरा जवळजवळ ५६ अक्षांशावर, सांगली १७ च्या आत. वसंतात पौर्णिमेनंतरचा चंद्र रोज आणखी दक्षिणेकडे सरकतो. उत्तरेकडच्या माणसाला दक्षिणेतला चंद्र उशिरा दिसतो, थोडाच वेळ दिसतो. म्हणून तिथे एप्रिल-मेमध्ये चंद्रोदय रोज तासाहून अधिक पुढे जातो. आश्विनात उलटं, चंद्र उत्तरेकडे चढत असतो, मग रोजचा फरक पंधरा-वीस मिनिटांवर येतो आणि संकष्टीचा चंद्र तुला लवकर भेटतो. त्यात उन्हाळ्यात तुमची घड्याळं तासभर पुढे केलेली. शिवाय चंद्राच्या मार्गाचं साडेअठरा वर्षांचं एक चक्र आहे. त्यात २०२४-२५ च्या सुमारास तो दक्षिणेला जास्तीत जास्त खाली गेला होता. त्यामुळे या काही वर्षांत तुला तो फार बुटका आणि फार उशिराचा वाटला असेल.

महिन्याची काळजी करू नकोस. आपल्याकडे, कर्नाटकात, गुजरातेत महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. वद्य पक्षाला ते पुढच्या महिन्याचं नाव देतात. आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला, त्यांची फाल्गुनातली. रात्र एकच.

रेवती, एडिंबरा

शैलाताई, खूप खूप आभार. आज पहिल्यांदा त्या आडव्या रेघेचा अर्थ कळला. सासूबाईंनाही वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुझी संकष्टी सोमवारी आणि माझी मंगळवारी असं होऊ शकतं?" मी सांगितलं की बहुतेक हो. पण मग अंगारकीचं काय? त्यांची अंगारकी आणि माझी साधी संकष्टी?

आणखी एक. इथे ढग कायम असतात. खिडकीतून आर्थर्स सीटची टेकडी आडवी येते, तिच्यावर चंद्र यायला पुष्कळ वेळ जातो. पंचांगातल्या वेळेला अर्घ्य द्यायचं की दिसेपर्यंत थांबायचं?

सासरे माळकरी आहेत, ते इथे आमच्याकडे येणार आहेत. त्यांच्या एकादशीला दिनदर्शिकेत कधी कधी दोन दिवस असतात, स्मार्त आणि भागवत. ते इथे कसं बघायचं?

सुनंदा, नागपूर

रेवतीताई, मी नर्स आहे. म्हणून एक गोष्ट मध्येच सांगते, कारण हा धागा घरातल्या वडीलधाऱ्यांपर्यंत जाईल.

माझ्या आईला मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, आणि संकष्टी ती सोडत नाही. चंद्रोदयापर्यंत काही खायचं नाही म्हणायची. दुपारी मात्र साबुदाण्याची खिचडी मोठी वाटीभर, म्हणजे साखर आधी चढणार आणि रात्रीपर्यंत उतरणार. आमच्या गुरुजींनीच तिला एक श्लोक सांगितला: "अष्टौ तान्यव्रतघ्नानि आपो मूलं फलं पयः। हविर्ब्राह्मणकाम्या च गुरोर्वचनमौषधम्॥" पाणी, कंदमुळं, फळं, दूध, औषध यांनी व्रत मोडत नाही. तेव्हापासून ती गोळ्या-इन्सुलिन डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेते, थोडी भगर, ताक, दाण्याची आमटी असं वेळेवर खाते. एडिंबऱ्यात रात्री एकपर्यंत थांबायचं असेल तर सासऱ्यांच्या, सासूबाईंच्या डॉक्टरांना आधी विचारा. इन्सुलिनचा डोस स्वतःच्या मनाने कमी करू नका, हे फार होतं.

आणि वेळ गावाप्रमाणे बदलते हे आम्हाला इथेही जाणवतं. नागपूर मुंबईच्या सहा अंश पूर्वेला, त्यामुळे चंद्र आमच्याकडे साधारण पंचवीस मिनिटं आधी येतो. टीव्हीवर मुंबईची वेळ सांगतात तेव्हा आमचा चंद्र झाडाच्या वर आलेला असतो.

शैलाताई, वाई

सुनंदा, फार मोलाचं लिहिलंस. तो श्लोक वडील आमच्या ओट्यावर दर एकादशीला कुणा ना कुणाला म्हणून दाखवायचे. आजारी माणसाला उपाशी ठेवणं त्यांना कधीच मान्य नव्हतं.

रेवती, अंगारकीचं उदाहरण गणितानेच करून बघू. समज, सांगलीत मंगळवारी पहाटे चारला चतुर्थी लागली आणि बुधवारी सकाळी सहापर्यंत आहे. सासूबाईंना मंगळवारी रात्री पावणेदहाला चंद्र दिसतो, तेव्हा चतुर्थी आहे. त्यांची अंगारकी ठरली. तुझ्याकडे तीच चतुर्थी सोमवारी रात्री साडेअकराला लागते आणि मंगळवारी रात्री दीडपर्यंत चालते. सोमवारचा चंद्र रात्री पाऊणला उगवला, तेव्हा चतुर्थी आहे. मंगळवारचा चंद्र रात्री पावणेदोनला येईल, तेव्हा पंचमी लागलेली असेल. तुझी संकष्टी सोमवारी, आणि वार तुझ्या गावचा धरायचा असेल तर ती अंगारकी नाही. हे मला शास्त्राला धरून वाटतं. पण सासूबाईंसोबत अंगारकी करायची इच्छा झाली तर मंगळवारी गणपतीची पूजा कर, अथर्वशीर्षाची आवर्तनं कर, त्याला कोण नाही म्हणेल? उपवास मात्र आपल्याच चंद्राचा धर.

तीच चतुर्थी दोन तास उशिरा लागली असती तर तुझी संकष्टीही मंगळवारीच आली असती. म्हणून "परदेशात नेहमी एक दिवस आधी" असा जो ठोकताळा लोक सांगतात त्यावर विसंबू नकोस. दर वेळी बघावं लागतं.

ढगांचं म्हणशील तर आमच्याकडे आषाढ-श्रावणात चंद्र दिसतो कुठे? पावसाळ्यात वाईतली सगळी माणसं वेळ बघूनच अर्घ्य देतात. पंचांगातली वेळ सपाट क्षितिजाची असते. डोंगराआडून वर यायला चंद्राला वेळ लागतो, पण उदय झालेला असतो. त्या वेळेनंतर ताम्हन, पळी, गंध-फूल घेऊन चंद्राच्या दिशेला अर्घ्य दे. मेमध्ये तुझ्याकडे ती दिशा आग्नेयेची, ऑक्टोबरात ईशान्येकडे झुकलेली. दिसेपर्यंत थांबायची हौस असेल तर थांब, हट्ट नको. लहान मूल घरात असेल तर त्याला वेळेवर जेवू घाल, नैवेद्याचा मोदक सकाळी दे.

आता एकादशी. इथे कर्मकाळ सूर्योदयाशी बांधलेला आहे, चंद्र दिसण्याशी नाही. एकादशीत दशमीचा वेध, म्हणजे दशमीचा स्पर्श, नको, यावर सगळ्यांचं एकमत. वेध कुठून मोजायचा यावर दोन मतं. स्मार्त म्हणतात, सूर्योदयाला दशमी नसली की झालं. भागवत म्हणतात, अरुणोदयालाही नको. अरुणोदय म्हणजे सूर्योदयाच्या आधीच्या चार घटका, एक तास छत्तीस मिनिटं. समज, सूर्योदय सहा-दहाला. अरुणोदय चार-चौतीसला. दशमी पहाटे सव्वापाचला संपली तर स्मार्त त्याच दिवशी उपवास करतील, कारण सूर्योदयाला एकादशी आहे. भागवत दुसऱ्या दिवशी करतील, कारण अरुणोदयाला दशमी होती. दशमी साडेतीनलाच संपली असती तर दोघांची एकादशी एकाच दिवशी. सासरे माळकरी, म्हणजे त्यांची भागवत.

एडिंबऱ्यात जूनच्या मध्यावर सूर्य साडेचारच्या सुमारास उगवतो. तेव्हा अरुणोदय रात्री तीनच्याही आधी सुरू होतो. उजेड तिथे रात्रभर रेंगाळत असेल, त्याच्याकडे बघू नकोस, चार घटका मोजायच्या. त्यासाठी मोबाईलच्या पंचांगात ठिकाण एडिंबरा ठेव, घड्याळ उन्हाळ्याचं धरलंय का ते तपास, आणि दशमी संपायची वेळ व सूर्योदय एवढ्या दोनच गोष्टी वहीत उतरवून घे. बाकी वजाबाकी.

पारणं दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर, द्वादशी असेपर्यंत. द्वादशी सकाळी लवकर संपत असेल तर स्वयंपाक आधी तयार ठेवावा लागतो. आमच्याकडे अशा दिवशी वडिलांसाठी पहाटे चुलीवर भात चढलेला असायचा. सासरे कधी येणार आहेत? २०२६ मध्ये असतील तर १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. त्यात एकादश्या दोन जास्तीच्या आणि संकष्टीही एक जास्तीची.

रेवती, एडिंबरा

ते अधिकातच येणार आहेत. वही आजच काढली. दशमीची समाप्ती, सूर्योदय, त्याच्या आधीचा एक तास छत्तीस मिनिटांचा आकडा, आणि द्वादशीची समाप्ती, असे चार रकाने आखलेत. संकष्टीसाठी वेगळं पान, त्यात चतुर्थीची सुरुवात-शेवट आणि लागोपाठच्या दोन रात्रींचे चंद्रोदय.

सासूबाई म्हणाल्या, सांगलीचाही एक रकाना आख, म्हणजे दोघींचं एकाच पानावर दिसेल. तो आखते आहे. मंगेशदादा, फोनवर एकत्र आरतीची कल्पना मी उचलते. तारखा जुळतील तेव्हा त्यांच्या चंद्रोदयाला इथून संध्याकाळी आरती म्हणू, माझा चंद्र येईल तेव्हा अर्घ्य.

मंगेश, दुबई

जरूर. आणि शैलाताई, तुमचं पटलं. पुढच्या संकष्टीपासून इथल्या चंद्रोदयाला चतुर्थी आहे का ते आधी बघेन. दोन्ही तारखा वेगळ्या निघाल्या तर आईला काय सांगायचं ते मात्र तुम्हीच लिहून द्या, ती माझं ऐकणार नाही.

शैलाताई, वाई

आईंना चतुर्थी लागण्या-संपण्याच्या वेळा आणि दोन्ही गावांचे चंद्रोदय शेजारी शेजारी लिहून दाखवा. त्या इतकी वर्षं व्रत करतात, वेळा बघितल्या की त्यांना कुणी समजावून सांगायची गरज पडणार नाही. नाहीच पटलं तर मला फोनवर द्या, मी बोलते त्यांच्याशी.